गप्प बसलं म्हणजे हो म्हटलं का?

"मौनं सम्मतिलक्षणम्" हे आपण इतक्या सहज बोलून जातो, पण कोर्टात ते दरवेळी चालत नाही आणि ते बरंच आहे असं मला मनापासून वाटतं.

इंग्लंडमधली १८६२ची फेल्टहाउस विरुद्ध बिंडली केस घ्या. काकाला पुतण्याचा घोडा विकत घ्यायचा होता, त्याने पुतण्याला पत्र लिहिलं की घोड्याबद्दल तुझ्याकडून काही कळलं नाही तर घोडा माझाच झाला असं मी धरतो. पुतण्याने उत्तर दिलं नाही. खरं तर त्याला घोडा काकालाच द्यायचा होता, लिलाववाल्याला त्याने हा घोडा विकू नको म्हणून सांगितलंही होतं, पण लिलाववाल्याने चुकून विकून टाकला आणि काका कोर्टात गेले तर कोर्ट म्हणालं की होकार तुमच्यापर्यंत पोचलाच नव्हता, मग सौदा कसला? उत्तर दिलं नाहीस तर हो समजेन, असं दुसऱ्यावर लादता येत नाही. युरोपच्या कोर्टानेही २०१९ मध्ये प्लॅनेट४९ केसमध्ये हेच धरलं, वेबसाइटवर कुकीजना (आपली माहिती ठेवणाऱ्या छोट्या फाइल्सना) परवानगी मागणाऱ्या बॉक्समध्ये आधीच टिक करून ठेवली असेल तर ती संमती नाही.

वागण्यातून मात्र संमती धरतात. रक्त तपासायला गेलो, बाही वर केली, हात पुढे केला, आता वेगळं हो कशाला म्हणायचं? हे मला पटतं.

पण अमेरिकेतली १८९१ची ओब्रायन विरुद्ध क्युनार्ड केस वाचली तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. जहाजावर बायकांची रांग, डॉक्टर देवीची लस टोचतोय, बोस्टनला क्वारंटाइनमध्ये अडकायचं नसेल तर त्याचं कार्ड हवं. रांगेतली ओब्रायन नावाची बाई म्हणाली मला आधी टोचलंय, डॉक्टर म्हणाला खूण दिसत नाही, परत टोचायला हवं, मग तिने काही न बोलता हात पुढे केला. नंतर तिने क्युनार्ड या जहाज कंपनीवर केस केली आणि हरली, कारण डॉक्टरने तिचं बाहेरून दिसणारं वागणं बघायचं, मनात काय होतं ते त्याला कसं कळणार. डॉक्टरच्या बाजूने बघितलं तर तर्क समजतो मला. पण मनातलं राहू द्या, ती तोंडाने बोलली होती ना, आधी टोचलंय म्हणून! मग पुढे केलेला हात तेवढा मोजला आणि ते वाक्य का नाही मोजलं?