टोस्ट मागणारा मुडदा

मी चित्रपट संकलक आहे. सध्या हातात असलेल्या मराठी सिनेमाचं नाव इथे देत नाही, कारण तो अजून सेन्सॉरलाही गेलेला नाही. गोष्ट थोडक्यात अशी, की कोकणातल्या एका गावात अपघातात गेलेला तरुण रात्री आपल्या मित्राकडे येऊन खाटेवर बसतो, चहा मागतो, गावातल्या भानगडी सांगतो आणि उठता उठता बजावतो, की तुझ्या अंगात जे शिरलंय ते अजून माणसं खाणार आहे, त्याआधी तूच काय ते बघ. हे बीज कुठलं, ते दिग्दर्शकाने मला पहिल्याच भेटीत सांगून टाकलं होतं. जॉन लँडिसचा १९८१ सालचा ‘अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’, वेअरवुल्फ म्हणजे लांडगा होणारा माणूस. भीती आणि हसू एकत्र आणणारे सिनेमे ढिगाने निघाले, पण इतकं नेमकं कुणालाच जमलं नाही, असं तो म्हणतो. मलाही तसंच वाटतं.

रफ कट, म्हणजे सिनेमाची पहिली कच्ची जोडणी, बघून निर्माते खूश नव्हते. “मॅडम, इथे हसायचंय का घाबरायचंय, ते पब्लिकला कळायला नको?” त्यांना मुडद्याच्या प्रत्येक विनोदावर एक ‘ट्वांग’, म्हणजे तार छेडल्याचा गमतीदार आवाज, हवा होता आणि प्रत्येक एंट्रीला ढोल. ‘झपाटलेला’ चालला की नाही, हा प्रश्न तर अपेक्षितच होता. चालला, आणि तात्या विंचू आजही लोकांना पाठ आहे. पण त्यात लक्ष्मीकांत बेर्डे जे जीव तोडून घाबरतो, ते घाबरणं खरं आहे, म्हणूनच त्या बाहुल्याला वजन येतं. हे मी बोलून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि ‘ट्वांग’चा मुद्दा पुन्हा काढला. पैसे घालणाऱ्या माणसाला प्रेक्षकाबद्दल एवढा अविश्वास का असतो, हे इतकी वर्षं काम करूनही मला कळलेलं नाही.

बाहेरच्यांना आमच्या कामात काय अडतं याचा अंदाज नसतो, म्हणून सांगते. विनोद आणि भीती संकलनात एकमेकांच्या उलट मागण्या करतात. नाटकातला नट हशा आला की थांबतो, तो ओसरायला लागला की पुढचं वाक्य टाकतो. पडद्यावरच्या नटाला ते शक्य नाही. हशाला जागा आम्ही ठेवायची असते. वाक्य संपलं की समोरच्याचा चेहरा, तोही नेमका तेवढाच, की हशा पुढच्या वाक्यावर सांडणार नाही. भीतीत याच्या उलट. प्रेक्षकाला जिथे कट, म्हणजे दुसऱ्या चित्रावर जाणं, हवा असतो तिथे तो द्यायचा नाही, आणि तो सैलावायच्या आत पायाखालची जमीन काढून घ्यायची. मग एकाच दृश्यात, एकाच माणसाच्या तोंडी दोन्ही असेल तर? चेहरा किती वेळ धरायचा? आमच्या सिनेमातला खाटेवरचा प्रसंग मी किती तऱ्हांनी कापून पाहिला असेल! दर वेळी एक जमायचं आणि दुसरं हातचं जायचं.

त्या दिवशी दिग्दर्शक हार्ड डिस्क घेऊनच आला. “ताई, आज आपलं काहीच कापायचं नाही. आज लँडिसचं बघू.” आम्ही तो सिनेमा संकलनाच्या संगणकात टाइमलाइनवर घेतला आणि फ्रेम फ्रेम करत बसलो.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी. डेव्हिड आणि जॅक ही दोन अमेरिकन पोरं पाठीवर सॅक टाकून इंग्लंडच्या उत्तरेत, यॉर्कशरच्या माळावर हिंडताहेत. ‘द स्लॉटर्ड लँब’ नावाच्या गुत्त्यात शिरतात, भिंतीवरच्या चांदणीविषयी विचारतात आणि सगळा गुत्ता चिडीचूप होतो. रस्ता सोडू नका, चंद्रापासून जपा, एवढं सांगून गावकरी त्यांना बाहेर काढतात. बाहेर लांडगा जॅकला फाडतो, डेव्हिडला चावतो. डेव्हिड शुद्धीवर येतो तो लंडनच्या इस्पितळात. आणि एके सकाळी त्याच्यासमोर नाश्त्याचा ट्रे असताना जॅक येतो. गळा फाटलेला, चेहरा रक्ताने माखलेला, अंगावर तेच जाकीट. येतो आणि टोस्ट मागतो.

हा प्रसंग आम्ही फार वेळ पाहिला. सकाळचा सरळ उजेड आहे. सावल्या नाहीत, धूर नाही, कॅमेऱ्याचे चाळे नाहीत. मेकअप करणाऱ्या रिक बेकरने केलेल्या त्या जखमेत कातडीचा एक लहानसा तुकडा सुटा लोंबतोय आणि जॅक झालेला ग्रिफिन डन बोलताना तो तुकडा हलतो. त्यावर वेगळा क्लोजअप नाही, ‘बघा, बघा’ असं कुणी म्हणत नाही. जॅक आपल्या अंत्यविधीची हकिगत सांगतोय. त्याला जी मुलगी आवडायची ती तिथे किती रडली आणि मग दुसऱ्याच्या गळ्यात पडून तिने दुःख कसं हलकं केलं. कॉलेजातल्या मित्राने मित्राला सांगावं तसं, किंचित वैतागून. आपण हसतो, आणि हसतानाच नजर त्या लोंबत्या तुकड्यावर जाते. माझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. त्याच्या विनोदांनंतर हशाला जागाच ठेवलेली नाही. माल्कम कँपबेल या संकलकाने डेव्हिडचा चेहरा धरलाय तो विनोद ऐकणाऱ्याचा नाही, मित्राचं प्रेत बघणाऱ्याचा आहे. हसू आलं तर ते आपल्या जबाबदारीवर.

मग आम्ही प्रयोग केला. या गप्पांखाली मुळात संगीत नाही, म्हणून आम्ही ते घालून पाहिलं. एका प्रतीत भयपटातलं घरघरणारं, खर्जातलं. दुसऱ्या प्रतीत पिझिकाटो, म्हणजे व्हायोलिनच्या तारा बोटांनी छेडून वाजवलेलं, मांजर पावलं टाकतंय असं वाटणारं, मालिकांनी चोथा करून टाकलेलं. तिसरी मूळ प्रत, जशीच्या तशी. ऑफिसात ज्यांनी हा सिनेमा पाहिला नव्हता त्यांना वेगवेगळे गट करून बसवलं. हिशेब बघणाऱ्या काकू, चहा आणणारा पोरगा, शेजारच्या रूममधले कलर करणारे, म्हणजे सिनेमाचे रंग जुळवणारे.

खर्जाच्या प्रतीला कुणी हसलंच नाही. टोस्टवरसुद्धा नाही. सगळे आता काहीतरी अंगावर येणार म्हणून सावरून बसले आणि जॅक काय बोलतोय ते त्यांच्या कानांपर्यंत पोचलंच नाही. पिझिकाटोवर टोस्टला मोठा हशा आला, अंत्यविधीवर अजून मोठा. पण जॅक शेवटी जेव्हा सांगतो, की मला लांडग्याने मारलं, तू वाचलास आणि म्हणून आता तू लांडगा होणार, शेवटचा लांडगा मेल्याशिवाय माझी सुटका नाही, जीव दे, तेव्हा तो कलरवाला मुलगा अजून हसतच होता. त्याचा दोष नाही. आम्हीच त्याला सांगितलं होतं की हे सगळं गमतीत चाललंय.

मूळ प्रतीला हशा लहान होता, तुटक होता, एकेकट्याचा होता. नंतर सगळे गप्प झाले. काकूंनी संपल्यावर विचारलं, “तो मेलाय ना गं? मग त्याला टोस्ट कशाला?” आणि मीच काही बोलायच्या आत त्यांनी स्वतःच उत्तर दिलं, “भूक नसेल. मित्राच्या ताटातलं उचलायची सवय असेल.”

मी ते वाक्य डायरीत लिहून घेतलं. पटकथेच्या कार्यशाळांमध्ये जे शिकवतात त्याहून हे पुढचं आहे.

दुपारनंतर डेव्हिडचा लांडगा होतो तो रूपांतराचा प्रसंग घेतला. सगळं जग त्याबद्दल बोलतं आणि योग्यच बोलतं. मेकअपचं वेगळं ऑस्कर त्याच वर्षापासून नियमित सुरू झालं आणि पहिलं रिक बेकरला मिळालं. १९४१च्या ‘द वुल्फ मॅन’मध्ये कॅमेरा थांबवून, थोडे केस लावून, पुन्हा चालवून, एका चित्रातून दुसरं विरघळवत लांडगा केला होता. लँडिसला ते नको होतं. हाडं लांबताना दुखणार, मग ते दुखणं दिसू दे, आणि तेही दिवे लावलेल्या नीटनेटक्या दिवाणखान्यात. म्हणून बेकरने डेव्हिडचे खोटे हात आणि डोकी केली, जी आतून रेटली की कातडीसकट लांब होतात. पंजा ताणला जातो तो शॉट मी मागेपुढे करून पाहिला, एकही कट लपवाछपवीसाठी नाही. केस उगवताना दिसतात ते तर उलट चित्रित केलेले. खोट्या कातडीतून केस आत ओढून घ्यायचे आणि फिल्म उलटी चालवायची. संगणकाशिवाय केलेल्या या कामासमोर आज आम्हाला स्वस्तात मिळणारे लांडगे लाज आणतात.

पण संकलकाच्या खुर्चीतून मला वेगळंच दिसलं. त्या किंकाळ्यांखाली सॅम कुकच्या मऊ आवाजातलं ‘ब्लू मून’ चाललंय. मध्येच एक कट मिकी माऊसच्या छोट्या बाहुलीवर. आणि वेदनेने लोळताना डेव्हिड ओरडतो, की जॅक, मी तुला मीटलोफ म्हणालो, माफ कर. मागे जॅक सडत चाललेला पाहून त्याने रागाने त्याला चालताबोलता मीटलोफ, म्हणजे खिम्याचा लगदा, म्हटलेलं असतं. तेव्हा आपण हसलेलो असतो. तोच विनोद आता माफीनाम्यात येतो आणि पोटात कालवतं. विनोद आधी पेरला आणि भीतीच्या वेळी त्याचं पीक काढलं. दिग्दर्शक म्हणाला, “ताई, ‘ट्वांग’ टाकला असता तर ही माफी वाया गेली असती.” तेवढं बोलून तो बराच वेळ काही बोलला नाही.

‘ब्लू मून’च्या जागी भीतीदायक संगीत टाकूनही आम्ही पाहिलं. लगेच तो प्रसंग ‘मेकअपचा नमुना’ झाला. कारागिरी दिसायला लागली, माणूस दिसेनासा झाला.

भुयारी रेल्वेचा प्रसंग मला सगळ्यात जास्त आवडतो, त्याबद्दल मात्र थोडंच लिहिते. टॉटनहॅम कोर्ट रोड स्टेशन, रात्र, एकटा गृहस्थ. गुरगुर ऐकून तो आधी रागावतो. हा काय चावटपणा आहे, मी तक्रार करीन, असं सभ्य इंग्रजीत ठणकावतो. पांढऱ्या लख्ख बोगद्यांतून पळतो, सरकत्या जिन्यावर पडतो, आणि कॅमेरा वरून खाली बघत असताना अगदी तळाशी, लहानसा, लांडगा चौकटीत येतो. तिथे हशा आहे का? आहे, त्या तक्रारीवर. पण ती तक्रार कुठलाही घाबरलेला सभ्य माणूस करील अशीच आहे. लँडिसच्या सिनेमात कुणी विनोद करायला म्हणून येत नाही, हे मला त्या दिवशी नीट कळलं. जो तो आपल्या स्वभावाला धरून वागतो, इतकंच. लँडिसने ही पटकथा १९६९मध्ये लिहिली होती, युगोस्लाव्हियात एका युद्धपटाच्या युनिटवर पडेल ते काम करताना. तिथे रोमा लोकांनी एका प्रेताला ते उठू नये म्हणून विधी करून पुरताना त्याने पाहिलं होतं. पुढे पैसेवाल्यांनी त्याला ऐकवलं, की विनोदी म्हणावं तर हे फार भीतीदायक आणि भयपट म्हणावं तर फार विनोदी. बारा वर्षांनी सिनेमा आला. आमच्या निर्मात्यांचा प्रश्न नवा नाही, एवढाच त्यातून धीर.

माझं आजोळ सावंतवाडीकडचं. दशावतारात संकासुर येतो, काळा पोशाख, काळा बुरखा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. तो मालवणीत एकेक फटकारे मारतो, मोठी माणसं खो खो हसतात आणि पुढे बसलेली पोरं आयांच्या कुशीत शिरतात. कुठे हसायचं हे तिथे कुणी वाजवून सांगत नाही. हाच प्रेक्षक तिकीट काढून थिएटरात बसला की अचानक मठ्ठ होतो, असं आपण कशावरून ठरवलं?

संध्याकाळी निर्माते आले. त्यांना तिन्ही प्रती दाखवल्या, मग आमचा खाटेवरचा प्रसंग, ‘ट्वांग’सह आणि त्याशिवाय. ते मन लावून बघत होते, हे मी नाकारणार नाही. खाटेच्या प्रसंगात काहीही वाजणार नाही, हे त्यांनी कबूल केलं. मी तिथे ऐकणाऱ्या मित्राचा चेहरा आता हशासाठी नाही, तर मुडद्याच्या हाताकडे तो बघतोय एवढ्यासाठी धरलाय. कट पूर्वीपेक्षा लवकर येतो. काकूंना दाखवला तेव्हा त्या हसल्या आणि लगेच त्यांनी तोंडावर पदर धरला.

शेवटावरून मात्र अडलंय. लँडिसच्या शेवटी पिकॅडिली सर्कसमध्ये माणसांचा चिखल झाल्यावर लांडगा एका बोळात कोंडला जातो. अ‍ॅलेक्स, म्हणजे डेव्हिडच्या प्रेमात पडलेली नर्स, त्याच्याशी बोलते, आपलं प्रेम सांगते. तो झेपावतो, गोळ्या सुटतात, आणि समोर डेव्हिडचं उघडं शरीर पडलेलं. तिचं रडणं पुरतं चेहऱ्यावर यायच्या आत कट, आणि मार्सेल्स या गायकगटाचं उसळतं, नाचरं ‘ब्लू मून’. फेड नाही, म्हणजे चित्र हळूहळू काळोखात विरत नाही, दुःखाला सवड नाही. दिग्दर्शकाला तसाच कट हवाय. निर्मात्यांना तिथे आईच्या आवाजातलं रडकं गाणं हवंय, ते रेकॉर्डही झालंय.

मला दिग्दर्शकाचं पटतं, पण ते पटतं तसं मांडता येत नाही. तो कट अ‍ॅलेक्सची थट्टा करतो का, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं. मला वाटतं, करत नाही. तिचं रडणं आपल्याला पोटभर बघू दिलं असतं तर आपण हलके होऊन घरी गेलो असतो. ते गाणं आपल्याला हलकं होऊ देत नाही. हे निर्मात्यांना पटेल अशा भाषेत कसं सांगायचं, ते शोधतेय. पुढच्या आठवड्यात मिक्सिंग, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवणं, सुरू होतंय. दोन्ही शेवट तयार ठेवलेत, आणि दाखवताना आधी कट दाखवणार आहे, गाणं नंतर. काकूंना निर्मात्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसवायचं, हेही ठरवून टाकलंय.