पैसे फिटले, मग अबोला कशाला?

इंदूरच्या रामबागेत ओळखीचं कुणीही भेटलं की हे विचारतं. परवा सुनेनंही विचारलं. आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मित्राच्या सहा लाखांच्या कर्जाला मी जामीन राहिलो होतो. जामीनदाराची सही म्हणजे नुसती ओळख देणं नव्हे, हे तेव्हाही ठाऊक होतं. १८७२च्या करार कायद्याचं कलम १२८ म्हणतं, की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर कर्जदाराची जेवढी जबाबदारी, तेवढीच जामीनदाराची. बँकेनं आधी त्याला गाठावं आणि मगच माझ्या दारी यावं, असं काही नाही. तरी सही केली. एकतीस वर्षांच्या मैत्रीत कायदा कोण काढून बसतं?

हप्ते थकले, मला नोटीस आली, मुदत ठेव मोडावी लागली. दोन वर्षांनी गावाकडची जमीन विकून त्यानं पै न् पै परत केली, व्याजासकट. धंदा बुडाला यात त्याचा दोष होता असंही मला वाटत नाही.

पण त्या नोटिशीत थकलेल्या हप्त्यांच्या तारखा होत्या. पहिला हप्ता जूनचा, आणि नोटीस आली फेब्रुवारीत. मधले आठ महिने हा माणूस दर शनिवारी आमच्याकडे येत होता. डिसेंबरात हिनं गराडूचे कंद तळले, तेव्हा बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. "वहिनी, जीरावन मसाला अजून थोडा घाला." मी विचारलं, काम कसं चाललंय? "एकदम मस्त," म्हणाला आणि गराडूवर लिंबू पिळलं. हात जरासुद्धा थरथरला नाही.

ते लिंबू माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तेव्हापासून मी मागचं सगळं तपासत बसतो. आईच्या आजारपणात त्यानं दवाखान्यात रात्री जागवल्या, ते तरी मनापासून होतं ना? होतं, मला माहीत आहे. तरी मन पुन्हा तिथे जाऊन बघून येतं. याचाच फार शीण होतो. राग असता तर भांडून मोकळा झालो असतो. आता कुणी "काका, सगळं मजेत" म्हणालं, की मी त्याच्या हातांकडे बघतो. स्वतःचं हे बघणं मला मुळीच आवडत नाही.

गेल्या आठवड्यात राजवाड्यापाशी तो दिसला. फार वाळलाय. हाक ओठांवर आली होती. पण त्यानं "कसा आहेस?" विचारलं असतं, आणि मी "एकदम मस्त" म्हणालो असतो.