एमएसएचं ७३७-११२ : धड कापलं, जोडलं, आता पुट्टी

गेल्या रविवारी अखेर करवत लावली. हातात प्लॅस्टिक मॉडेलचं किट आहे, खऱ्याच्या १:१४४ मापातल्या बोइंग ७३७-२०० विमानाचं, आणि त्यातून काढायचंय मलेशिया-सिंगापूर एअरलाइन्सचं (एमएसए) ७३७-१००, म्हणजेच ७३७-११२. बोइंगने १०० मॉडेलची जेमतेम ३० विमानं बनवली. त्यातली बहुतेक लुफ्थान्साने घेतली, पाच एमएसएने. ३१ ऑक्टोबर १९६९ ला शेवटचं ७३७-१०० ताब्यात घेतलं तेही एमएसएनेच.

२०० बनवताना बोइंगने धडात दोन तुकडे वाढवले होते, पंखापुढे ३६ इंच आणि पंखामागे ४० इंच. आपण तेच काढून टाकायचे. १४४ ने भागलं की पुढून ६.३५ मिमी आणि मागून ७ मिमीला किंचित जास्त. दोन्ही ठिकाणी धडाचा घेर सारखाच असल्यामुळे कापलेली तोंडं एकमेकांना बरोबर भिडतात. काप मात्र पंखाच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यापासून लांब ठेवा.

पहिलं धड वाया गेलं. डावा-उजवा भाग वेगवेगळा कापला आणि मग चिकटवला, तर अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने नाक एका बाजूला वळलं. दुसऱ्या किटला आधी दोन्ही भाग चिकटवून दोन दिवस वाळू दिले. कापण्याआधी नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंना सुईने एक बारीक सरळ रेघ ओढली. जाड लेबल टेप घेरभर गुंडाळून तिच्या कडेने, पण कापायच्या रेषेच्या जरा बाहेरून कापलं. उरलेलं काचेवर पॉलिश पेपर ठेवून गोल गोल घासत रेषेपर्यंत आणलं. आतून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांची कडी बसवली आणि सुईच्या रेघा जुळवून जोडलं. ती रेघ फार महत्त्वाची, तिच्यामुळेच या वेळी पीळ पडला नाही. टेबलावर ठेवून समोरून पाहिलं तेव्हा त्या आखूड, गुबगुबीत धडाने जीव सुखावला.

मुळात हेच विमान का? सिंगापूर एअरलाइन्सची मॉडेल्स कपाटात हवी तेवढी दिसतात, मलेशियाचीही दिसतात. मधली सहा वर्षं कोणी बनवत नाही. ऑगस्ट १९६५ मध्ये दोन देश वेगळे झाले, तरी विमान कंपनी दोघांची एकच राहिली आणि १९६६ मध्ये तिला दोघांचं नाव मिळालं. विमानांवर ९एम आणि ९व्ही, अशी दोन्ही देशांची नोंदणी अक्षरं असायची. फ्रेंच फॅशन डिझायनर पियेर बाल्मां यांनी १९६८ मध्ये बेतलेला हवाईसुंदरींचा सारोंग कबाया हा गणवेशही मूळ एमएसएचा. पण मलेशियाला देशांतर्गत मार्ग वाढवायचे होते आणि सिंगापूरला दूरदेशी उडायचं होतं. १ ऑक्टोबर १९७२ पासून दोन कंपन्या झाल्या. एमएसए ही आद्याक्षरं टिकावीत म्हणून सिंगापूरने आधी 'मर्क्युरी सिंगापूर एअरलाइन्स' असं नाव घेतलं होतं. मलेशियाने हरकत घेतली आणि ते बदलावं लागलं. मला या सगळ्या गोष्टीतला हा भाग मनाला फार लागतो. दोघांनाही ती तीन अक्षरं किती मोलाची वाटत असतील!

११२ मधला १२ हा बोइंगने या ग्राहकाला दिलेला आकडा. तोच पुढे सिंगापूरच्या ७४७-२१२ मध्ये दिसतो, म्हणजे नाव गेलं तरी आकडा राहिला.

सध्याची स्थिती : पुढचा सांधा प्रायमरखाली पूर्ण गायब. मागचा दिव्याखाली तिरका धरला की अजून केसाएवढा दिसतो, तिथे पुट्टीचा आणखी एक हात लागेल. काप घेतल्यावर खिडक्यांची ओळ बिघडते, म्हणून सगळ्या खिडक्या बुजवल्या आहेत. नवीन ओळ डेकलनेच (मॉडेलवर चिकटवायच्या छापील पट्टीनेच) लावणार. नोंदणी ९एम की ९व्ही, हे अजून ठरत नाहीये. कोणाकडे धावपट्टीवरचे जुने, बाजूने काढलेले स्वच्छ फोटो असतील तर जरूर दाखवा, मागच्या दरवाजापासून शेपटीपर्यंतचा भाग मला नीट बघायचाय.