म्हशींच्यातलं कुत्रं

मी गुरांचा डॉक्टर, शाहूवाडीच्या पश्चिमेकडच्या वाड्यावस्त्या माझ्याकडं. फोन आला की नव्वद टक्के वेळा म्हैस अडलीय नायतर पोट फुगलंय. पण त्यादिवशी पहाटे आंबा गावाच्या वरल्या अंगाच्या एका धनगरवाड्यावरनं फोन, "डाक्टर, वाघ आलता, लवकर या." वाघ म्हंजे बिबट्या हे कळलंच, मला वाटलं गेलं एखादं रेडकू. तर जनावरं सगळी धड, फाडलेलं होतं ते कुत्रं!

कुत्रं साधं गावठी, तांबडं. गोठ्यात म्हशींच्या मधी अंग चोरून बसलेलं. म्हातारे मामा आणि त्यांचा नातू त्याला उचलून उजेडात ओट्यावर आणायचे की हे परत लंगडत, घसटत आत. शेवटी मीच आत गेलो आणि शेणात पोतं टाकून बसलो, माझ्या वासानं म्हशी फुरफुरायला लागल्या ती वेगळीच गंमत.

मानेवर सुळ्यांची दोन भोकं, वरनं बघितलं तर बारकी, पण चिमटा घातला तर आत कातडं मांसापासनं सुटून पार खांद्यापर्यंत पोकळी झालेली. मामा म्हणाले टाके मारा की. तर अशा जखमेला टाके मारायचे नसतात, सुळ्याबरोबर आत गेलेली घाण आतच कोंडते आणि पू होतो. केस कापले, सलाईन सिरिंजनं जोर लावून आत मारलं, पाणी स्वच्छ येईस्तोवर मारतच राहिलो, मग आयोडीन, अँटिबायोटिक, आणि भोकं उघडीच ठेवली. रेबीजची लस पण त्याच दिवशी चालू केली, जंगली जनावर चावल्यावर त्यात चालढकल नको.

हात चालू असताना मामा रात्रीचं सांगत होते. बिबट्या कुडाची भिंत उसकटून आत आलेला, रेडकावर डोळा. ह्यानं भुंकून भुंकून गोठा उठवला, तेवढ्यात ह्याचीच मान धरली त्यानं. पण तवर म्हशी दाव्यासकट उठलेल्या आणि एकीनं शिंग लावलं. "म्या बॅटरी मारली तवा कुत्रं टाकून पळत हुतं बगा." मामांचं म्हणणं, कुत्र्यानं रेडकू राखलं आणि म्हशींनी कुत्रं. मला तर ते पटलं.

हे कुत्रं डोळं उघडल्याबरोबर गोठ्यात आणलेलं, रेडकांच्यातच झोपायचं, माणसांनी फार लाड केलेच नाहीत. राखणीचं कुत्रं असंच तयार होतं, पिल्लू असतानाच जनावरांची सवय लागावी लागते. नामिबियात १९९४ पासून चित्त्यापासनं शेळ्यामेंढ्या राखायला तुर्कस्तानच्या जातीची कुत्री शेतकऱ्यांना देतात, तिथंबी हीच पद्धत. ती कुत्री पन्नास किलोच्या आसपासची, त्यांचं भुंकणं आणि नुसतं उभं राहणंच पुरतं बऱ्याचदा. आपलं गावठी त्याच्या निम्म्यानंबी भरत नाही, त्यानं एकट्यानं बिबट्याशी झुंजावं ही अपेक्षाच चूक. त्याचं काम आधी सुगावा लागणं आणि बोंब मारणं. आणि आता इकडं फार्महाऊसवाले महागडं परदेशी कुत्रं आणून दारात साखळीला बांधतात त्याचं मला लय हसू येतं, बिबट्याला कुत्रं तसंच आवडतं, त्यात तुम्ही ते बांधून ठेवताय म्हंजे ताटच वाढलं की!

जाताना मामांना म्हटलं लोहाराकडनं खिळ्यांचा पट्टा करून घ्या, हिमालयात मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात तो ह्याच मानेच्या चाव्यासाठी. नातवानं लगेच मोबाईलवर फोटो शोधला. मामांना मात्र काळजी, म्हशीला खिळा लागला तर? आंचळाला ओरखडा आला तर दूध कोण देणार? बरोबरच होतं त्यांचं. मग असं ठरलं की पट्टा फक्त रात्री, आणि खिळं आखूड.

लसीचे डोस ०, ३, ७, १४, २८ दिवसांनी, आज्जींनी कॅलेंडरवर कोळशानं फुल्या मारलेल्या. शेवटच्या फुलीला मी पोचलो तर कुत्रं म्हशींबरोबर रानात गेलेलं, नातवानं हाळ्या मारमारून घसा बसवला तरी येतंय कुठलं, मग काय, आईसबॉक्स खांद्याला लावून मीच डोंगर चढलो आणि तिथंच टोचलं.