लाल अधिक हिरवा म्हणजे पिवळा, हे दहावीच्या पोरांना पटवताना

इंदूरला दहावीला सायन्स शिकवते, हिंदी मीडियम. प्रिझम, इंद्रधनुष्य, आकाश निळं का, हे सगळं पोरं पटापट पाठ करतात. गाडी अडते ती लाल आणि हिरवा प्रकाश मिळून पिवळा होतो म्हटलं की. वर्ग चक्क हसतो. आता रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उधळत निघणारी इंदूरची मिरवणूक) राजवाड्यावर भिजलेली पोरं ही, लाल-हिरवं एकत्र आलं की कसला चिखल होतो ते अंगावर बघितलेलं, "मॅडम, पीला कैसे आएगा?"

म्हणून यंदा फळ्यावर गोल काढत बसलेच नाही. लाल, हिरवा, निळा असे नाइट लॅम्पचे छोटे एलईडी बल्ब आणले, टेबलावर शेजारी शेजारी लावले आणि लॅबच्या खिडक्यांना काळे चार्ट पेपर चिकटवले, तरी कुठून ना कुठून ऊन येतंच, त्यात अर्धा पिरियड गेला. तिन्ही बल्ब लावले तर भिंत पांढरी कुठली, गुलाबीसर! लाल जरा जास्तच जोरात होता, तो मागे सरकवला तेव्हा कुठे बऱ्यापैकी पांढरं आलं.

मग एकाला म्हटलं, भिंतीजवळ पेन धर. तीन सावल्या पडल्या आणि एकही काळी नाही. एक आकाशी, एक राणी कलरची, एक पिवळी. पिवळी कुठे, तर जिथे पेनानं निळा अडवलाय आणि लाल-हिरवा पोचतोय तिथे. निळा बल्ब बंद केला तर सगळी भिंतच पिवळी. हसणं बंद.

पण मग गेरचं काय? तिथे बल्ब नाहीत, रंगाची पावडर आहे, आणि पावडर प्रकाश खाते. लाल रंग हिरवा-निळा गिळतो, हिरवा रंग लाल-निळा गिळतो, दोन्ही एकत्र आले तर उरणार काय? हे दाखवायला डब्यातले पोहे काढले (इंदूरमध्ये डबा म्हणजे दुसरं काय असणार), फक्त लाल बल्ब लावला. पिवळे पोहे आणि पांढरा कांदा सारखेच दिसायला लागले आणि वरची कोथिंबीर काळी. हे जेवढं लक्षात राहिलं तेवढं माझं दुसरं काहीच राहिलं नसेल.

शेवटी मागच्या बाकावरच्या एकीनं विचारलं, मग प्रिंटरमध्ये लाल-हिरवी-निळी शाई का नसते? तिला म्हटलं, त्या तीन सावल्यांचे रंग आठव, प्रिंटरच्या शाया त्याच, प्रत्येक शाई एकेकच रंग खाते, म्हणून त्यांच्यापासून बाकीचे बनवता येतात, आणि काळी वेगळी भरतात कारण तिन्ही मिळून नीट काळं होत नाही.