दीडशे बेडच्या हॉस्पिटलला मायक्रोसर्व्हिस कशाला?

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या शंभर-दीडशे बेडच्या हॉस्पिटलांना सॉफ्टवेअर विकायला येणारे हल्ली मायक्रोसर्व्हिसशिवाय, म्हणजे एका कामाला एक स्वतंत्र प्रोग्राम या पद्धतीशिवाय, बोलत नाहीत. नोंदणीची सर्व्हिस वेगळी, बेडची वेगळी, बिलाची वेगळी आणि प्रत्येकीचा डेटाबेसही वेगळा. माझं मत उलट आहे. एवढ्या पसाऱ्याला एकच अ‍ॅप्लिकेशन आणि एकच पोस्टग्रेस डेटाबेस पुरतो. फक्त आतल्या मॉड्यूलनी, म्हणजे नोंदणी, बेड, बिल अशा भागांनी, एकमेकांच्या टेबलात परस्पर लिहायचं नाही.

बेड बदलताना याचं कारण कळतं. पेशंट आयसीयूतून जनरल वॉर्डात आला, की आयसीयूचा बेड 'सफाई बाकी' व्हायला हवा, वॉर्डातला भरायला हवा आणि त्या क्षणापासून भाडं बदलायला हवं. हे सगळं डेटाबेसच्या एका ट्रान्झॅक्शनमध्ये असेल तर एक तर पूर्ण होतं, नाही तर काहीच होत नाही. तीन सर्व्हिसमध्ये वाटलं आणि मधली एक पडली, तर पेशंट दोन बेडवर दिसतो आणि बिलात दोन्हीचं भाडं चढतं. ते निस्तरायला उलट्या नोंदींची वेगळी यंत्रणा लिहावी लागते, आणि ती रात्री दोन वाजता तपासणारा माणूस लहान आयटी टीमकडे नसतो.

एका बेडवर दोघे चढू नयेत, ही अट स्क्रीनवर तपासून भागत नाही. दोन काउंटरवरून एकाच वेळी क्लिक होतं. बेडवाटपाच्या टेबलात ज्या नोंदींची 'बेड सोडल्याची वेळ' रिकामी आहे, तेवढ्यांपुरता बेड क्रमांकावर युनिक इंडेक्स, म्हणजे तोच क्रमांक दोनदा येऊ न देणारा नियम, लावा. दुसरी नोंद डेटाबेसच नाकारेल. वेळेचे रकानेही दोन ठेवा, एक प्रत्यक्ष हलवल्याचा आणि एक नोंद केल्याचा. सिस्टर पेशंटला रात्री साडेअकराला हलवतात, नोंद साडेबाराला होते. भाडं मध्यरात्रीच्या मोजणीवर असेल आणि रकाना एकच असेल, तर आयसीयूचा एक दिवस उगाच वाढतो. मग पेशंटच्या सुट्टीच्या (डिस्चार्जच्या) वेळी बिलिंग काउंटरवर तमाशा.

खरी डोकेदुखी दुहेरी नोंदणीची, एकाच पेशंटच्या दोन नंबरांची. छिंदवाडा, बालाघाट, गोंदिया, गडचिरोलीहून येणाऱ्या अनेकांना जन्मतारीख सांगता येत नाही; काउंटरवाले वयावरून १ जानेवारी टाकून मोकळे होतात. मोबाइल नंबर पेशंटला आणणाऱ्या मुलाचा किंवा भाच्याचा. वानखेडेचं वानखडे होतं. म्हणून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि वयाचा पाच वर्षांचा पट्टा असं मिळून शोधायचं. १४ अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर) जरूर साठवा, पण त्याला मुख्य की, म्हणजे नोंद ओळखण्याचा एकमेव नंबर, करू नका. अपघाताचा बेशुद्ध पेशंट तो घेऊन येत नाही.

दोन नोंदी जोडताना जुना नंबर पुसायचा नाही, नव्याकडे बोट दाखवत ठेवायचा. प्रत्येक भेटीवर मूळ नंबर कायम असेल तरच चुकून जोडलेले दोघे पुन्हा वेगळे करता येतात. लॅबच्या सिस्टीमला एचएल७चा (हॉस्पिटलच्या सिस्टीममधल्या संदेशांचं मानक) ए४०, म्हणजे नोंदी जोडल्याचा, संदेश गेलाच पाहिजे, नाही तर रिपोर्ट जुन्याच नंबरवर पडत राहतात.

बाहेरच्या जोडण्या मात्र वेगळ्या प्रोसेसमध्येच हव्यात: लॅब, टीपीए (विम्याचे दावे हाताळणारी कंपनी), आयुष्मान भारत डिजिटल मिशन (सरकारी डिजिटल आरोग्य योजना). टीपीएचा सर्व्हर लटकला म्हणून भरती अडता कामा नये. भरतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये 'पाठवायचे' अशा टेबलात एक ओळ लिहा. वेगळा वर्कर, म्हणजे मागे चालणारा प्रोग्राम, ती उचलून पाठवेल, नाही जमलं तर पुन्हा पाठवेल. एका पेशंटचे संदेश क्रमानेच जावेत. सुट्टीचा ए०३ आधी आणि बेडबदलाचा ए०२ नंतर पोचला, तर गेलेला माणूस पलीकडे पुन्हा वॉर्डात दिसू शकतो. तोच संदेश दोनदा गेला तर ओळखता यावा, म्हणून प्रत्येकाला स्वतःचा आयडी.

सर्व्हर हॉस्पिटलातच ठेवणार असाल तर मे महिना धरून हिशेब करा. पारा ४५च्या वर, यूपीएसवर सर्व्हर आहे पण एसी नाही. वीज गेली की खोली तापते आणि बॅटरी शिल्लक असतानाच मशीन बंद पडतं. तापमानाचा अलार्म लावा आणि प्रत्येक काउंटरला आधीच छापलेल्या नंबरांचे केस पेपर देऊन ठेवा, काउंटरगणिक वेगळी मालिका. नंतर या नोंदी चढवताना 'प्रत्यक्ष वेळ' कागदावरचीच टाकायची.