मधे पडायचं का?

रस्त्यावरची छेडछाड थांबवायला आपण काय करू शकतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. छेडछाडीवर सत्र घ्यायला वस्तीत जावं, कॉलेजात जावं, नाहीतर सोसायटीच्या हॉलमध्ये. शेवटी एक हात वर होतोच. बहुधा एखाद्या काकांचा. "मॅडम, ते सगळं ठीक आहे. पण रस्त्यात कुणी मुलीला त्रास देताना दिसला तर आम्ही मधे पडायचं का? त्याने चाकू काढला तर?"

मुंबईकराने हे विचारलं तर मी हसत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये अंधेरीच्या आंबोलीत कीनन सांतोस आणि रुबेन फर्नांडिस यांनी मैत्रिणींची छेड काढणाऱ्याला हटकलं. तो गेला आणि साथीदार घेऊन परत आला. दोघांचाही जीव गेला. २०१६ मध्ये चौघांना जन्मठेप झाली. त्यामुळे 'घाबरता काय, भिडा' असलं काही मी कुणालाच सांगत नाही. हत्यार दिसलं की मागे सरा, ११२ लावा.

एरवी मात्र मधे पडा. फक्त त्याच्याकडे जाऊ नका, तिच्याकडे जा. बसस्टॉपवर कुणी खेटून उभा असेल तर तिच्या शेजारी जाऊन विचारा, "अगं, ठाण्याची बस गेली का?" बस गेलेली असो वा नसो. तिला कळतं, आणि त्यालाही कळतं. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली सुरू झालेला हॉलाबॅक हा गट (आता त्याचं नाव राइट टू बी) असे पाच मार्ग शिकवतो: लक्ष दुसरीकडे वळवणं, कंडक्टर किंवा वॉचमनला बोलावणं, नोंद ठेवणं, नंतर तिची विचारपूस करणं आणि थेट हटकणं. हटकणं हा पाचातला एक, बाकी चार कुणालाही जमण्यासारखे. व्हिडिओ काढलात तर तो तिच्या हवाली करा, ग्रुपवर टाकू नका. हे मला प्रत्येक सत्रात दोनदा सांगावं लागतं!

पण माझ्या मते खरं काम त्या क्षणाच्या पुष्कळ आधीचं असतं. कैरोत डिसेंबर २०१० मध्ये हॅरासमॅप सुरू झालं. कुठे काय घडलं ते नकाशावर नोंदवायची सोय. मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त पटलं: स्वयंसेवक गल्लोगल्ली जाऊन टपरीवाल्यांशी, इमारतींच्या दरवानांशी बोलत, 'तुमच्या दारात हे चालू देऊ नका' म्हणत. आमच्याकडेही पानवाला, वडापावची गाडी, रिक्षा स्टँड हेच रस्त्याचे डोळे. एक पानवाला मला म्हणाला, "ताई, ती पोरं माझं गिऱ्हाईक आहेत, कसं बोलू?" रास्त होतं. मग त्यानेच तोड काढली. पोरं क्लास सुटायच्या वेळी घोळका करून उभी राहिली की तो नुसतं म्हणतो, "चला रे, धंद्याची वेळ आहे, पुढचं मोकळं करा." भांडण नाही, उपदेश नाही.

दुसरं म्हणजे अंधार पडल्यावर मुलींसोबत वस्तीतून फेरी. ही पद्धत टोरांटोच्या मेट्रॅक या संस्थेने १९८९ मध्ये बसवली. दिल्लीत जागोरी या स्त्री-संघटनेने ती वापरली. दिवसा न दिसणाऱ्या गोष्टी तेव्हा दिसतात. दिवा असतो, पण फांदीआड. शौचालयाला दार असतं, पण आतून कडी नाही. नुसतं 'लाइट नाही' लिहून वॉर्ड ऑफिसला दिलं तर कागद पडून राहतो, म्हणून मुली खांबाचा नंबर टिपून घेतात.

सगळ्यांत अवघड सभा पालकांची. मुली घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की त्याचं काहीही होवो, हिचा क्लास आधी बंद होतो. भाऊ तावातावाने निघतो तो वेगळाच. 'सांगितलंस म्हणून तुझं बाहेर जाणं थांबवणार नाही' एवढं जोवर घरातून मिळत नाही, तोवर आमची पोस्टर्स भिंतीवरच राहतात.

आणि पोलीस? भारतीय न्याय संहितेत कलम ७५, ७८ आणि ७९ आहेत: लैंगिक छळ, पाठलाग, अश्लील शब्द किंवा हावभाव. तक्रार द्यायची की नाही, हे तिला ठरवू द्या. तुम्ही पाहिलं असेल तर तिथल्या तिथे आपला नंबर तिला द्या आणि साक्षीला येणार का, ते स्पष्ट सांगा. बऱ्याच तक्रारी मला तिथेच अडलेल्या दिसल्यात.